मुठीच्या मडक्यातलं बी

माझा हात लहानपणापासूनच सुपाएवढा. अतिशयोक्ती म्हणाल तर म्हणा, पण लग्नात बांगड्या भरताना कासाराने आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या पेटीकडे, आणि म्हणाला, "ह्या हाताला बांगडी न्हाई, चाकाची धाव पायजे." सासरी हा हात फार महाग पडला. कारण त्या गावात रोज मूठ काढायची रीत होती.

गाव म्हसवडच्या अलीकडचं. पाऊस तिथं पाहुण्यासारखा यायचा, पाणी पिऊन जायचा, देऊन नाही. म्हणून कुणा शहाण्याने कधीकाळी रीत घातलेली: जात्यावर बसण्याआधी घरच्या बाईने एक मूठ ज्वारी देव्हाऱ्याखालच्या मडक्यात टाकायची. आठवड्याच्या बाजारादिवशी ते मडकं नाथाच्या देवळामागच्या कोठीत रितं करायचं. ज्याच्या घरी चूल थंड, त्याने तिथून न्यायचं. आणि खरी गंमत पुढे. कोठीला खिडकी नाही, आत दिवा न्यायचा नाही, एका वेळी एकच बाई आत. मडकं जाताना पदराखाली, येताना पदराखाली. भरून नेऊन रितं आणलं की रितं नेऊन भरून आणलं, ते नाथाला ठाऊक.

नाथाला आणि आमच्या आत्याबाईंना. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या पारावर बसून बायकांच्या चाली बघत. "ती शेजारची आक्का बघ. जाताना कशी वाऱ्यावानी जाती, येताना कंबरेत वाकती. तीन सालं झाली, फुकटचं खाती रांड." आणि वर, "आमच्या घराण्यानं कोठीत हात घातला तो द्यायलाच." हे त्या इतक्या मोठ्यानं सांगत की शिरवळपर्यंतचे कावळे उडत असतील.

माझी मूठ पहिल्यांदा मडक्यात पडली तेव्हा त्या जात्याचा खुंटा धरून उभ्याच राहिल्या. "आगं, मूठ टाक म्हणलं, रास नगं!" तेव्हापासून त्या माझी तीन बोटं धरून ठेवत आणि दोन बोटांची मूठ टाकायला लावत. तरी माझं मडकं चार दिवसांत काठाला येई.

लढाईचे दिवस होते. मालक साताऱ्याला जाऊन पलटणीत भरती झाले, ते ब्रह्मदेशाकडे गेले आणि त्यांची पत्रं वाटेतच कुठं तरी झोपली. त्यात एका साली ज्वारी वाळून गेली. घरात हुलगे होते. सकाळी हुलगे, संध्याकाळी हुलगे. मला तर घोड्यासारखं खिंकाळता येऊ लागलं होतं. दळायलाच काही नाही म्हटल्यावर मूठ बंद झाली. देव्हाऱ्याखाली मडकं तोंडावर फडकं बांधून नुसतं बसलेलं. "कोठीतनं आणू का, आत्याबाई?" असं मी एकदाच विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन दिवस हुलगेसुद्धा बेतानं खाल्ले.

मग हस्ताचा पाऊस झाला आणि आत्याबाई पेरणीजोगा वाफसा आलाय का ते बघायला रानात गेल्या. बाजारचा दिवस होता. मी झाडताना सहज मडकं उचललं, तर ते जड! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, ही बाई आपल्या वाटणीचं कुठून तरी दाणा दाणा वाचवून मूठ टाकत आली आणि बोलली नाही. बाहेरून फणस, आतून गरे. मी मडकं पदराखाली घेतलं, ताठ मानेनं कोठीत गेले आणि अंधारात ते पालथं केलं. राख उडाली, मला ठसका लागला. मला वाटलं, नाथाचा अंगारा असेल. बाहेर येऊन हात जोडले.

आत्याबाई परत आल्या. देव्हाऱ्याखाली बघितलं.

"मडकं रितं कसं?"

"कोठीत घातलं."

"काय घातलंस?"

"तुमी साठवल्याली ज्वारी. आवं, मला सांगायचं तरी!"

"भवाने, बी व्हतं त्ये. पायलीभर. दगडी ज्वारीचं निवडक बी, राखंत घोळून ठेवल्यालं."

"मुठीच्या मडक्यात?"

"तुझ्या भुकेपास्नं लपवलं व्हतं. म्हणलं, घरात दुसरीकडं कुठंबी ही हात घालंल, मुठीच्या मडक्याला शिवायची न्हाई."

खरंच होतं. शिवले नव्हते, खायला.

आता एकर रान वाफशावर आलेलं आणि घरात बी नाही. कोठी उघडणार ती पुढच्या बाजारालाच, आठ दिवसांनी. त्या आठ दिवसांत ऊन इतकं तापलं की ओल जमिनीतून निघून जाताना मला दिसत होती, गाठोडं घेऊन. मागायचं म्हटलं तर बी कुठं गेलं ते सांगावं लागणार. आत्याबाई रोज मातीत बोट खुपसून येत. मला एक शिवीसुद्धा देत नसत, हेच मला भयंकर वाटे.

पुढच्या बाजारादिवशी मला पारावर बसवून त्या स्वतः आत गेल्या. केवढा वेळ! बाहेर आल्या तेव्हा कंबरेत वाकल्या होत्या, अगदी आक्कासारख्या. "घातलं तेवढंच आणलंय," वाटेत पुटपुटल्या, "एक दाणा जास्त न्हाई."

पण जे घातलं ते थोडंच हाताला लागणार? त्या अंधारात अख्ख्या गावची ज्वारी एकमेकींत मिसळलेली. आम्ही पेरायच्या पाभरीला मागून आणलेले बैल जुंपले आणि आत्याबाई म्हणाल्या, "चाड्यावर मूठ तू धर." त्या दिवशी चाड्यात बी सोडताना त्यांनी माझी बोटं धरली नाहीत.

ज्वारी उगवली, वाढली, आणि ताटांच्या पोटऱ्यांतून कणसं बाहेर पडली तसा आत्याबाईंना घास गोड लागेना. एक कणीस दगडीचं, घट्ट. शेजारी गूळभेंडीचं. कुठं मोकळ्या झिपऱ्यांचं, कुठं मान टाकलेलं. ताटं तर अशी की एक माझ्या गुडघ्याला आणि दुसऱ्यावर चढून सांगली दिसावी. वाटेवरचं आंधळंसुद्धा सांगू शकलं असतं, हे रान कोठीतल्या दाण्याचं आहे. आणि मधूनमधून तांबडी कणसं, शंभर तरी. तांबडी ज्वारी गावात एकाच घरची. आक्काची.

एका सकाळी आत्याबाई विळा घेऊन निघाल्या. मी मागोमाग. त्या तांबडी कणसं मोडून पदराच्या ओट्यात घालत होत्या, तेवढ्यात बांधावरून आवाज आला.

"का गं, माझी ज्वारी का मोडतीस?"

आक्का. आत्याबाईंनी ओटा घट्ट धरला. "सांगलीच्या पेठंतनं आणलंय बी. नवीन जात हाय."

"व्हय? सांगलीची ज्वारी म्हणं माझ्या परड्यात जलमली." आक्का खाली उतरली, एक तांबडं कणीस हातात घेऊन बघत राहिली. "लय झ्याक भरलंय. माझ्या रानात एवढं कवा भरलं न्हाई."

कणीस सोडून तिने आत्याबाईंकडे पाहिलं. "तीन सालं माझी कंबर बघत व्हतीस नव्हं? मणक्याचं दुखणं हाय मला. जाताना रेटून चालती, येताना जमत न्हाई."

मग आत्याबाईंनी ओटा सोडला. कणसं पायांवर पडली.

"घेतलं मी," त्या म्हणाल्या. "पायलीभर."

"दिसतंय की. आन मी दिलं त्येबी दिसतंय. फिटलं." आक्का बांधावर चढायला लागली, पण चढवेना. आत्याबाईंनी खालून हात लावला, तशी आक्का ओरडली, "आगं, हळू! ह्यो तुझा हात हाय का तुझ्या सुनंचा?"

पुढे वाटेने जाणाऱ्या कुणी काही विचारलं तर आक्काच आधी ओरडे, "सांगलीचं बी हाय त्ये! मीच सांगितलं तिला!" आणि विचारणारी बाई आपल्या घरचं कणीस ओळखून गालात हसे. त्या साली हुरडा खायला सगळी आळी आमच्या बांधावर होती. तसला हुरडा मी पुन्हा खाल्ला नाही. प्रत्येक घासाला दुसऱ्या घरची चव.

सुगीनंतर आत्याबाई बी निवडायला बसल्या. दगडीच्या कणसांत त्यांनी पाच-सहा तांबडी घेतली. सगळं राखेत घोळून वेगळ्या मडक्यात भरलं आणि मला बोलावून दाखवलं.

"ह्ये बी. त्ये मुठीचं. कळलं?"

"आन चुकून पुन्ना वतलं तर?"

त्यांनी फडकं बांधता बांधता माझ्या हाताकडे पाहिलं.

"वत की," म्हणाल्या. "जातंय कुठं?"