‘आणि’च्या पुढची जागा

कट्ट्याच्या बाजारात एका दुकानावर कितीतरी वर्षं अर्धवट पाटी होती: ‘सत्यवान पेंटर आणि’. पुढे हातभर जागा कोरी. लग्न झालं त्या वर्षी सत्यवानाने ती पाटी रंगवली. ‘आणि’च्या पुढे काय, असं विचारलं की म्हणायचा, “झील येवंदे, मगे लिवतंय.” झील म्हणजे आमच्या मालवणीत मुलगा, चेडू म्हणजे मुलगी. तो काही आला नाही. किशोरी आली, आणि ती कोरी जागा दरवर्षी पांढरा रंग लावून नव्याने कोरी होत राहिली.

समोरच माझं शिलाईचं दुकान, त्यामुळे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. सहा वर्षांपूर्वी सत्यवानाचा हात थरथरायला लागला. तेव्हापासून ट्रॉलरांची नावं, रिक्षांवरचे गणपती, मसुऱ्याच्या जत्रेचे फलक, सगळं किशोरीच करते. गिऱ्हाईक आलं की मात्र हा खुर्ची पुढे ओढणार आणि कौतुक आपण घेणार. किशोरी एकदा कोऱ्या जागेकडे बोट दाखवून म्हणाली, “बाबानू, थंय माझा नाव लिवया?” तर म्हणाला, “चेडू लगीन करून जातला. मगे पाटी कोण पुसतलो?” माझं डोकंच फिरलं होतं.

तीन वर्षांपूर्वी सावंतवाडीहून एक हिंदी बोलणारा लॉजवाला आला. तळ्याकाठी त्याचा नवा लॉज. किशोरी मसुऱ्याला कामावर होती. त्याने कागदावर नाव लिहून दिलं: ‘झील किनारा’. वर म्हणाला, “नीचे झील का चित्र बना देना, बड़ा-सा.”

सत्यवानाची छाती फुगली. धावत माझ्याकडे आला. “बघ, लोक झिलाच्या नावान लॉज काढतत!”

संध्याकाळी परत आल्यावर किशोरीने कागद वाचला. “बाबानू, हिंदीत झील म्हणजे तळा.”

“चाळीस वर्सां अक्षरां लिवतंय, माका शिकवतंस? झील तो झील!”

अक्षरं तिने काढली. चित्राला मात्र त्याने तिला हात लावू दिला नाही. तीन दिवस खपून किनाऱ्यावर एक तरणा मुलगा उभा केला, छाती पुढे काढलेला. थरथरीमुळे मिशी तेवढी लाटेसारखी झाली.

लॉजवाल्याने पाटी वरपासून खालपर्यंत पाहिली. “झील कहाँ है?”

“ह्यो बघा झील!” सत्यवानाने मिशीवर बोट ठेवलं.

“ये तो लड़का है!”

“मगे? झील म्हणजे चेडू आसता काय?”

पाटी नकोच म्हणून माणूस निघाला. किशोरीने त्याला माझ्या दुकानात चहाला बसवलं आणि निळ्या रंगाचा डबा उघडला. पाणी मुलाच्या गुडघ्यापर्यंत चढलं, मग छातीपर्यंत, मग मिशीही गेली. वर माडांची सावली पडली.

“माझो झील बुडवलंस गो!” सत्यवान कळवळला. पण त्या पाण्यावरून त्याची नजर हलेना.

लॉजवाला खूश. “किसने बनाया?”

सवयीने सत्यवान खुर्ची पुढे ओढायला लागला. मग थांबला. किशोरीकडे बोट करून म्हणाला, “माझ्या झिलान.”

लॉजवाल्याला वाटलं, हा अजून तळ्याबद्दलच बोलतोय. मला मात्र भरून आलं. एवढं बोलायला त्याला किशोरीच्या जन्मापासून तेवीस वर्षं लागली होती.

दुसऱ्या दिवशी तो मोठ्या उदारपणे म्हणाला, “किशोरी, थंय आता ‘झील’ लिव. तूच माझो झील.”

किशोरीने ब्रश त्याच्याच हातात दिला. “हिंदीत तळा, मालवणीत मुलगो. माका दोनय नको. माझा नाव आसा, ता लिवा. आणि तुमीच लिवा.”

मी शिडी धरली. तो दोन तास वर होता.

आज कट्ट्यातली सगळ्यात वाकडी अक्षरं पेंटरच्याच पाटीवर आहेत. गिऱ्हाईकं हसतात, जरा नीट करून घे म्हणतात. किशोरी दरवर्षी पाटी नव्याने रंगवते. तिच्या नावाच्या तीन अक्षरांना मात्र ती हात लावत नाही.