वरच्या मजल्यावरचे थ्रेड

आमचं ऑफिस बंद होऊन बरीच वर्षं झाली. पण संध्या पाटील आणि मी भेटलो, की चहा येण्याआधी एक किस्सा निघतो आणि त्याला लागून दुसरा. त्यातलं खरं किती आणि आम्ही सांगून सांगून रंगवलेलं किती, हे आता आम्हालाही कळत नाही.

नव्वदीच्या शेवटची सुरत. कापड मार्केटच्या इमारतीत सगळ्यात वर आमची खोली, खाली साड्यांची दुकानं. प्रत्येक दुकानातून एक केबल वर आमच्या सर्व्हरला यायची. गोदामात कुठला माल शिल्लक आहे, ते दुकानदाराला बसल्या जागी दिसायचं. दुपारी खिडकीतून कापडाचे बारीक तंतू उन्हात तरंगत आत यायचे. आपण पाण्याखाली बसलोय असं वाटायचं.

*

सुरुवातीला दुकान जोडलं गेलं, की प्रोग्राम त्याच्यासाठी नवा थ्रेड काढायचा, म्हणजे त्याचं काम बघणारा स्वतंत्र गडीच. बाजार उघडला की सगळे एकदम यायचे आणि सर्व्हर मान टाकायचा. मालक नीलेशभाई दारातून हळूच गुजरातीत विचारायचे, "सुई गयुं?" म्हणजे, झोपला का? व्यापारी तर केबल काढून टाका म्हणायला लागले होते.

संध्या म्हणाली, "मोजकेच थ्रेड तयार ठेवू. जो मोकळा होईल, तो पुढचं काम घेईल. नीलेशभाई, लग्नात पाहुण्यागणिक वाढपी ठेवतात का?"

"माझ्या साल्याच्या लग्नात ठेवले होते," नीलेशभाई गंभीरपणे म्हणाले. "वाढपी एकमेकांवर आपटले. कोणी जेवलं नाही."

परवानगी मिळाली.

*

एका व्यापाऱ्याने फोनवर उशीर का होतोय विचारलं. मी सांगितलं, "शेठ, थ्रेड कमी पडतायत."

तासाभरात त्यांचा माणूस दोऱ्याच्या रिळांचं पोतं घेऊन वर आला. म्हणाला, "शेठने सांगितलंय, नायलॉन आहे. तुटणार नाही."

*

संध्याचे वडील धुळ्याकडचे, सुरतेतल्या बमरोलीत लूमवर कापड विणायचे. लेक दिवसभर काय करते, हे त्यांना नीट कधी समजलं नाही. पण शेजाऱ्यांना छाती फुगवून अहिराणीत सांगायचे, "मनी पोर बी धागानाच काममा से."

संध्याने ते कधी दुरुस्त केलं नाही.

*

नव्या रचनेत एक अडचण आली. कोणी जोडून ठेवून गप्प बसलं, की एक थ्रेड त्याच्यापाशी अडकायचा आणि बाकीचे ताटकळायचे. म्हणून बराच वेळ गप्प राहणाऱ्याला आम्ही तोडायला लागलो. तळमजल्यावरचं एक दुकान तोडलं की लगेच पुन्हा जोडलं जायचं. मागायचं मात्र काहीच नाही.

संध्या खाली बघायला गेली. दुकानात माल नव्हता. एक म्हातारे काका पडद्यासमोर बसले होते. कॉम्प्युटर मुलाने बसवला होता, आणि मुलगा परदेशी गेला होता.

"काका, काही हवंय का?"

"ना बेटा. इथे लिहून येतं, जोडलेले आहात. ते बघतो."

संध्याने वर येऊन एक थ्रेड वाढवला, आणि त्या दुकानाला कधी तोडायचं नाही असं प्रोग्राममध्ये लिहिलं. नीलेशभाईंनी विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी बाजार उघडायच्या वेळी ते आमच्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर एकेक दुकान जोडलं जात होतं. तळमजल्यावरच्या काकांची ओळ उमटली, तेव्हा नीलेशभाई हलक्या आवाजात म्हणाले, "आवी गया."