शाल, श्रीफळ आणि चार अल्बम

एका इंग्रज गायकाचा पहिला अल्बम मला कॉव्हेंट्रीच्या एका चॅरिटी शॉपमध्ये, जुन्या जिगसॉ कोड्यांच्या खोक्यांखाली सापडला. नुसती गिटार आणि आवाज. मग बाकीचे शोधले. दुसऱ्यात ब्रास बँड होता, तिसऱ्यात चर्चचा ऑर्गन, चौथ्यात चक्क शिलाई मशीन. हा गायक कुठल्या खणात ठेवायचा ते त्या काळच्या समीक्षकांना कळलं नसावं, म्हणून त्यांनी तो कुठेच ठेवला नाही. मी मात्र हिवाळाभर दुसरं काही ऐकलं नाही.

"ते मशीनवालं जरा दार लावून ऐक," बायको म्हणाली.

दुकानातल्या बाईंकडून कळलं, की ते गायक गृहस्थ मागच्याच रस्त्यावर राहतात आणि जिगसॉ न्यायला येतात. भेटलो. खूप मागे लागल्यावर आमच्या मराठी मंडळात अर्धा तास गायला तयार झाले. अट एकच: त्यांच्याविषयी कोणी बोलायचं नाही. शेवटच्या कार्यक्रमात स्वतःची स्तुती ऐकता ऐकता त्यांचा आवाजच गेला होता. त्यानंतर ते लोकांसमोर गायले नव्हते.

मी मंडळाच्या अध्यक्षांना हे सांगितलं. "काका, सत्कार नको. थेट गाणं."

"अरे, पाहुण्याला तसंच बसवायचं? दोन शब्द तर बोलू दे."

अध्यक्षांचे दोन शब्द इथल्या दोन पिढ्यांनी सोसले आहेत.

कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी पाहुण्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि माइक धरला. मराठी माणूस आणि संगीत यांपासून सुरुवात झाली. मग ब्रिटनशी आपलं नातं. अल्बम त्यांनी एकही ऐकला नव्हता, त्यामुळे स्तुतीला काही मर्यादा राहिली नाही. पाहुण्यांना मराठी कळत नव्हतं, पण आपल्याविषयीच चाललंय हे कळत होतं. नारळ दोन्ही हातांत गच्च धरून ते बाहेरच्या दाराकडे बघत होते. मग त्यांनी गिटारची पेटी पायाने जवळ ओढली. आता उठणार.

अध्यक्ष श्वास घ्यायला थांबले, आणि मी जोरात टाळ्या वाजवायला लागलो. क्षणभर मी एकटाच. मग सगळा हॉल मनापासून सामील झाला. इतका वेळ सगळे संधीच शोधत असावेत. अध्यक्षांनी कृतार्थ होऊन हात जोडले आणि खाली येऊन माझ्या शेजारी बसले.

पाहुण्यांनी नारळ खुर्चीखाली ठेवला. गिटार काढली. पहिल्याच ओळीत आवाज चिरकला आणि थांबला.

मागे कुणीतरी पोराला गप्प केलं. मी स्टेजकडे बघायचं टाळलं.

"अजून पुष्पगुच्छ द्यायचाय," अध्यक्ष कुजबुजले. "आत्ता देऊन टाकू?"

"काका, हलू नका."

स्टेजवर खुंट्या पिळल्याचा आवाज आला. त्यांनी तारा जरा सैल केल्या, एकदा खाकरले, आणि तीच ओळ खालच्या पट्टीत पुन्हा धरली. या वेळी ती शेवटपर्यंत गेली. मग दुसरी.