कडकबाईचं ‘नाही’

लाँड्रीत तिला सगळे कडकबाई म्हणायचे. तिच्या हातची इस्त्री अशी, की शर्टाची घडी मोडताना गिऱ्हाईक कचरायचं. बाकी ही बाई कुठून कडक म्हणता? घरात तिने कुणाला ‘नाही’ म्हटल्याचं भिंतींनीसुद्धा ऐकलं नव्हतं. पाहुणे आठवडाभर राहतो म्हणाले, राहा. नणंदेने नवी साडी मागितली, ने. आणि नवरा म्हणाला, “तिसरं होऊ दे आता, घर कसं भरलेलं दिसतं,” तेव्हाही ही मान खाली घालून चहा गाळत राहिली.

दुसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती. रक्त थांबत नव्हतं. नवरा ते साफ विसरला होता. माणूस वाईट नव्हता हो, पण चिडला की घरातलं भांडं जागेवर राहायचं नाही, आणि आपल्या पाठीमागे काही झालेलं तर त्याला मुळीच खपायचं नाही.

मग एका दुपारी कपडे पोचवायच्या निमित्ताने ती दवाखान्यात शिरली. तिथल्या नर्सने रक्तदाब पाहिला, चार प्रश्न विचारले आणि गोळ्यांचं पाकीट हातात ठेवलं. रोज एक, ठरल्या वेळेला, चुकवायची नाही.

“बहुतेकींना काही होत नाही,” नर्स म्हणाली. “पण एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली, दम लागला, तर घरी बसायचं नाही. आणि ज्या डॉक्टरकडे जाशील त्याला आधी सांगायचं, गोळी घेते म्हणून.”

“सांगेन की,” कडकबाई म्हणाली. सांगायला काय जातंय, असं त्या वेळी वाटतंच.

पाकीट तिने बटणांच्या डब्यात ठेवलं, वर काळी बटणं पसरली. बटणांचा डबा नवरा कशाला उघडतोय? सकाळी सासू अंघोळीला गेली की डबा, गोळी, घोटभर पाणी. पहिले काही दिवस मळमळलं. सासूने विचारलं, “काय गं, काही विशेष?”

“पित्त झालंय, आई.”

सासूने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि विषय सोडला. कडकबाईला तेच खटकलं. म्हातारी विषय सोडणाऱ्यातली नव्हती.

पुढे एकदा डबा उघडला तर पाकीट वरच्या बटणांखाली नव्हतं. तळाशी होतं, कुठल्याशा जुन्या चिंधीत नीट गुंडाळून. कुणी ठेवलं? तिने त्या दिवशी नवऱ्याचा चेहरा न्याहाळला, सासूचा न्याहाळला. कुणी ताकास तूर लागू दिली नाही. ती वाट बघत राहिली, की आज भडका उडेल, उद्या उडेल. उडाला नाही. गोळी मात्र तिने सोडली नाही.

मग डावी पोटरी धरली. “दिवसभर उभी असतेस, दुखणारच,” लाँड्रीतल्या बायका म्हणाल्या. खरंच होतं ते. पण उजवा पायही तितकाच उभा असायचा, आणि त्याची चप्पल आरामात जात होती. डाव्या पायाची जाईना. नर्सचं बोलणं तिच्या डोक्यात घुमायला लागलं.

“डॉक्टरांकडे जाऊन येते,” ती घरी म्हणाली. तिला एकटीला जायचं होतं.

“लंगडत कुठे जातेस? मी नेतो टेम्पोने,” नवरा म्हणाला. मागोमाग सासूही निघाली.

घरचे जुने डॉक्टर, स्वभावाने अगदी देवमाणूस. पोटरी दाबून बघता बघता त्यांनी विचारलं, “कुठलं औषध, गोळ्या वगैरे चालू आहेत का?”

नवरा दारात किल्ल्या खुळखुळवत उभा होता. सासू शेजारच्या खुर्चीत. कडकबाईच्या जिभेवर शब्द आला होता.

“नाही,” ती म्हणाली.

सासूने मान खाली घातली. डॉक्टरांनी मलम दिलं, पट्टी बांधायला सांगितली. इतकी वर्षं जिथे जिथे नाही म्हणायला हवं होतं तिथे हिची वाचा बसली, आणि नको तिथे नाही फुटलं! राग येतो, पण रागवायचं कुणावर?

उद्या नर्सकडे जाऊन सगळं सांगू, असं तिने ठरवलं. उद्या नेमक्या हॉटेलच्या चादरी येऊन पडल्या. परवाही त्याच. तिसऱ्या दिवशी टेबलापाशी तिच्या छातीत कळ आली आणि श्वासच पुरेना. इस्त्री चादरीवर तशीच राहिली. जळका वास सुटला तेव्हा बायका धावल्या, कारण कडकबाईच्या हातून कापड कधी जळलं नव्हतं.

मोठ्या रुग्णालयात तरुण डॉक्टरणीने तोच प्रश्न विचारला. नवरा उशाशी होता. कडकबाईने या वेळी खरंच तोंड उघडलं, पण बोलायला श्वास नव्हता.

सासूने पिशवीत हात घातला आणि चिंधीतलं पाकीट काढून डॉक्टरणीच्या हातात दिलं. लाँड्रीतून फोन आला तशी ती आधी बटणांच्या डब्याकडे गेली होती. “ही घेते ती. रोज. मूल राहू नये म्हणून.”

“काय?” नवरा म्हणाला.

“तू गप्प बस,” म्हातारी म्हणाली.

पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली असणार, असं डॉक्टरणीने सहकाऱ्यांना सांगितलं आणि खाट ढकलत पळायला लागली. सासू खाटेचा कठडा धरून सोबत पळत होती.

“त्याच्या हाताला लागणार होतं एकदा. म्हणून मीच गुंडाळून खाली सारलं. मला माहीत होतं गं.”

कडकबाईने मान तिच्याकडे वळवली. मग त्या दिवशी का नाही बोललात, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं.

“तू नाही म्हणालीस,” म्हातारी रडत म्हणाली. “त्याच्यासमोर तुला खोटी कशी पाडू?”

खाट आत गेली आणि दार लागलं. नवरा मागून धापा टाकत आला. “आई, वाचेल ना ती?”

हो म्हणायला म्हातारीची जीभ वळेना, आणि नाही म्हणायची तिची छाती होईना.