नानांचा निरंक पंचनामा

दामोदरराव नेहेते यांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. मी तेव्हा जळगावच्या एका दैनिकात जिल्ह्याची पाने सांभाळत होतो. दामोदरराव, म्हणजे आमचे नाना, सावद्याच्या बाजूच्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक म्हणून नुकतेच रुजू झाले होते. मोटारसायकल चोरांची टोळी पकडल्याचे कळले, तसा छायाचित्रकाराला घेऊन मी ठाण्यात पोहोचलो. आम्हाला नेहमीचा फोटो हवा होता. पुढे तोंडाला फडकी बांधून बसवलेले आरोपी आणि मागे छाती काढून उभे राहिलेले अधिकारी.

"फोटो मिळणार नाही," नाना म्हणाले.

"साहेब, पानावर जागा ठेवलीय."

"मग तिथे केळीचे भाव टाका. लोक आधी तेच वाचतात. यांना कोर्टाने दोषी ठरवलं की मी स्वतः फोन करीन."

मी चिडून परतलो. बऱ्याच काळाने खरोखरच फोन आला. "तुमचे आरोपी दोषी ठरले. येताय ना फोटोला?" तोवर त्या बातमीत कुणालाच रस उरला नव्हता. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हसत होतो, आणि त्या दिवसापासून मी त्यांना साहेब म्हणणे सोडून नाना म्हणू लागलो.

गौरवग्रंथात सत्कारमूर्तींना अजातशत्रू म्हणायची पद्धत आहे. नानांच्या बाबतीत ते धडधडीत खोटे ठरेल. त्यांना शत्रू आहेत, आणि त्यातला प्रत्येक त्यांनी रीतसर कमावलेला आहे. नानांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाच्या संपादक मंडळातल्या एका स्नेह्यांनी मला सुचवले की साठीच्या आनंदात ते केळीच्या बागेचे प्रकरण नको. पण ते वगळले तर आपण सत्कार कशाचा करतो आहोत, हेच कळणार नाही. म्हणून ते लिहितो.

तालुक्यात वजन असलेले एक बागायतदार होते. त्यांना नुसते आबा म्हणू. त्यांची घडावर आलेली बाग कुणीतरी आडवी केली. नाना स्वतः केळी लावणाऱ्या घरातले, त्यामुळे ते दुःख त्यांना कुणी समजावण्याची गरज नव्हती. आबांचा संशय सुक्राम या पावरा आदिवासी तरुणावर होता. आबांचे काम सोडून तो शेजारच्या बागेत लागला होता, एवढाच त्याचा अपराध. चौकशीसाठी त्याला ठाण्यात आणून बसवले होते. मग वरून फोन आला की संध्याकाळपर्यंत त्याच्या झोपडीतून कोयता जप्त झाला पाहिजे.

असा कोयता कसा जप्त होतो, हे ठाण्यात सगळ्यांना ठाऊक होते. एका जुन्या हवालदारांनी तो आणून टेबलावर ठेवलाही होता. झडतीला हजर राहून सही करायला दोन पंच लागतात. तेही तयार होते. त्यातला एक ठाण्यासमोरचा चहावाला, मूळचा अमळनेरकडचा. नानांनी त्याला विचारले, "झडती बघायला येतोस ना?"

"येवानी काय गरज शे, साहेब? बठ्ठा पंचनामामा मीच ऱ्हास. सही कोठे करू, तेवढं सांगा." ठाण्याच्या सगळ्याच पंचनाम्यांत पंच म्हणून तोच असे.

"तू चहा कर. तो बरा करतोस." मग नाना हवालदारांकडे वळले. "कोयता कुणाचा?"

"माझ्याच शेतातला, साहेब. वरून सांगितलं होतं."

"घरी न्या. घड उतरवायला लागेल."

नाना सुक्रामच्या वस्तीवर गेले. पंच म्हणून त्यांनी सुक्रामची शेजारीण आणि लगतच्या किराणा दुकानाचे शेठ यांना बोलावले. शेठ घाबरले. "साहेब, आबांकडे आमची उठबस आहे." नाना म्हणाले, "शेठ, डोळ्यांना दिसेल तेवढ्यावर सही करा. जास्त मागत नाही."

झोपडी उलटीपालटी केली. कोयता नव्हता. अशा वेळी झडती झालीच नाही असे धरून परतायचे, ही रीत. नानांनी तिथेच ओट्यावर बसून निरंक पंचनामा लिहिला. झडती घेतली आणि काहीही मिळून आले नाही, असा. पंचांना तो मोठ्याने वाचून दाखवला आणि सह्या घेतल्या. आता दुसऱ्या दिवशी त्याच झोपडीत कोयता 'सापडणे' कुणालाही शक्य नव्हते. सुक्राम घरी गेला.

आबा ठाण्यात आले. "दामोदर, तू आपला माणूस. बाग माझी गेली, अन् तू त्याची बाजू धरतो?"

"आबा, तुम्हाला बाग कापणारा पाहिजे, की नुसता कुणीतरी पाहिजे?"

"आठवड्यात तू इथं दिसणार नाही."

"मग आठवडाभर तपास करतो."

त्यांनी तो केला. खरा गुन्हेगार मात्र सापडला नाही. नानांचे विरोधक आजही यावरच बोट ठेवतात, आणि नाना आजही तेच उत्तर देतात. "नाही सापडला. म्हणून दुसरा द्यायचा होता का?"

त्यांची धुळ्याला नियंत्रण कक्षात बदली झाली आणि मागे खात्याची चौकशी लागली. मग एक निरोप आला. 'झडती अपुरी राहिली असावी', एवढे एक वाक्य लिहून द्या, चौकशी बंद होईल, बढतीही मिळेल. ते वाक्य लिहिले असते तर पंचनामा निकामी झाला असता आणि सुक्रामच्या दाराशी पुन्हा गाडी उभी राहिली असती. नानांनी लिहून दिले, "झडती पुरेशी होती." बढती गेली. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे त्यांच्या डोक्यावरून वर गेली.

ते कडवट झाले नाहीत. कोयता आणणाऱ्या हवालदारांचे पुढे हृदयाचे ऑपरेशन झाले. तेव्हा घरचा डबा घेऊन जळगावच्या दवाखान्यात जाणारे नानाच होते. आज त्यांच्या धुळ्याच्या घरी तरुण फौजदार सल्ल्याला येतात. मागे त्यांच्यातल्याच एका मुलीने उत्साहाने सांगितले, "नाना, आता झडतीचं चित्रीकरण करावंच लागतं. खोटं करायला वावच नाही." नाना म्हणाले, "अक्का, कॅमेरा चालू व्हायच्या आधी कोयता कुणी ठेवला, ते कॅमेऱ्याला कोण सांगणार? तूच ना?"

या समारंभाच्या पत्रिकेवर आम्ही प्रेमापोटी 'निवृत्त पोलीस निरीक्षक' असे छापले. नानांनी सगळा गठ्ठा परत पाठवला. "सहायक छापा. तेवढाच होतो."

"नाना, साठीला कोण तपासतंय?"

"आबा तपासतील," नाना म्हणाले आणि मनापासून हसले.

पत्रिका पुन्हा छापल्या. सहायक पोलीस निरीक्षक दामोदरराव नेहेते यांची प्रकृती ठणठणीत राहो आणि त्यांना उदंड आयुष्य लाभो. ते आहेत तोवर काही माणसांची अडचण होत राहणार आहे. ती अडचण आणखी चाळीस वर्षे तरी कुणाला दूर करता येऊ नये.