पॅड शिवणारा माणूस

निनादनं माझा माऊसपॅड दोन बोटांनी उचलला. मेलेली पाल शेपटीला धरून उचलावी तसा. आणि माझ्या पायाजवळ टाकला.

"चपलेच्या रबराचा आहे तो. टेबलावर नको ठेवू," म्हणाला. "मोच्याच्या ठेल्यावरून आलोत असं वाटेल लोकांना."

नांदेडचं एक मंगल कार्यालय. कॉम्प्युटर गेमची स्पर्धा. पाच-पाच जणांच्या टीम, टेबलांवर पांढरे कपडे, वर ओळीनं कॉम्प्युटर. पलीकडच्या टेबलावरची पोरं हसली. आमच्यातलाही एकजण हसला. स्पर्धा भरवणारा कॉम्प्युटरचा दुकानदार होता. त्यानं सगळ्यांना काळे चकचकीत माऊसपॅड वाटले होते, त्यावर त्याच्या दुकानाचं नाव. निनादनं त्यातला एक माझ्यापुढं सरकवला.

मी वाकलो. पॅड उचलला, झटकला, बाकी चौघांच्या पॅडसोबत बॅगेत ठेवला.

परक्यानं केलं असतं तर मला नवीन नव्हतं. पण निनाद माझा दोस्त होता. आणि गेले आठ महिने त्याचा स्वतःचा हात याच रबरावर चालत होता.

माझा बाप लातूरला क्लासेसच्या गल्लीत चपला शिवतो. भूकंपात आमचं गाव गेलं तेव्हा तो विशीतला होता. आजा ढिगाऱ्यातून जिवंत निघाला नाही. बाप शिवायची आरी आणि चामडं कापायची रापी घेऊन लातूरला आला आणि एका भिंतीच्या सावलीला बसला. पुढं त्याच गल्लीत क्लास वाढले. डॉक्टर व्हायला गावोगावची पोरं आली. कंधारची, देवणीची, पार तिकडं विदर्भातली. पोरं दिवसभर या क्लासातून त्या क्लासात पळायची. सँडलचे पट्टे तुटायचे. आमचं घर त्यावर चाललं.

त्या क्लासात मी कधी बसलो नाही. बारावी झाल्यावर गल्लीतल्याच एका सायबर कॅफेत पोरांचे ऑनलाइन फॉर्म भरायला लागलो. दुपारी कॅफे रिकामा असायचा. तेव्हा गेम शिकलो. बंदुकीचा गेम. समोरचा दिसला की माऊस नेमका त्याच्यावर थांबला पाहिजे. केसभर पुढं गेला की तुम्ही मेलात. माझा थांबायचा.

निनाद तिथंच भेटला. त्याचे वडील मोठ्या क्लासात केमिस्ट्री शिकवायचे. गल्लीत त्यांचे फोटो लागलेले असायचे. निनाद माझ्या खुर्चीमागं उभा राहून बघायचा. एक दिवस खांद्यावर हात टाकून म्हणाला, "तू आमच्या टीममध्ये ये. तुझ्यासारखा हात लातुरात कुणाचा नाही."

तसल्या घरातल्या पोरानं माझ्या खांद्यावर टाकलेला तो पहिला हात. मी विरघळलो. खोटं कशाला सांगू?

निनादचा स्वतःचा नेम मात्र चुकायचा. त्यानं पुण्याहून भारी पॅड आणला होता. कडक, काचेसारखा गुळगुळीत. माऊस त्यावरून सुसाट जायचा आणि समोरच्याला ओलांडून पुढं निघायचा. निनाद माऊसला शिव्या द्यायचा. दोन माऊस बदलले. मी काही दिवस नुसता त्याचा हात बघितला. तो मनगटातून खेळत नव्हता, पार खांद्यातून हात ओढायचा. अशा हाताला मोठा पॅड लागतो, कापडाचा, माऊसला थोडा धरणारा. त्यात लातूरचा उन्हाळा. तळहाताला घाम सुटला की तो गुळगुळीत पॅड जागोजाग चिकटायचा.

कॅफेतल्या पोरांना वाटायचं, महाग तो चांगला. मला माहीत होतं तसं नसतं. चपलेचं तसं नसतं, मग पॅडचं कसं असेल?

एका संध्याकाळी मी बापाच्या पेटीतून रबराचा पातळ तुकडा काढला. सँडलच्या आत घालतात तो, मऊ.

"काय करायलास?" बाप म्हणाला.

"दोस्ताला पॅड करायलो. माऊसखाली ठेवायचा."

"पाय बघितलास का त्येचा?"

"बाबा, हाताचं काम हाय ते."

"मग हात बघितलास का? बघितल्याबिगर करू नको. बघून देत्यो त्यो कारागीर. न बघता देत्यो त्यो दुकानदार."

कापड शोधण्यात तीन आठवडे गेले. शिंप्याकडची कात्रणं आणली. छत्रीच्या कापडावर माऊस फार पळाला. जीन्सवर माऊस खरखरला आणि पडद्यावरचा बाण थरथरायला लागला. शेवटी शाळेच्या ट्रॅकसूटचं कापड जमलं. वीण घट्ट, आडवा ओढा की उभा, माऊस सारखाच चालायचा. पहिल्या पॅडला फुगे आले. बाप म्हणाला, "चिकटवायचं सोल्युशन दोन्ही अंगाला लाव. वाळू दे. घाई केलीस की फुगतंय." कडा आईनं शिवल्या. मनगटाला टोचू नये म्हणून तिनं प्रत्येक टाका दाबून बसवला. शिवताना म्हणाली, "एवढं नाजूक कोण हाय रे तुजा दोस्त?"

निनादनं त्यावर हात ठेवला आणि पहिल्याच दिवशी त्याचा नेम थांबला. त्यानं मला मिठी मारली. "यार, तू जादूगार आहेस." मग टीममधल्या पाचही जणांना पॅड झाले. प्रत्येकाचा वेगळा. फैजान नांदेडचा, क्लाससाठी लातुरात खोली करून राहायचा. तो मनगटातून खेळायचा. त्याचा पॅड छोटा आणि जरा पळता केला. लातुरातल्या तीन स्पर्धा आम्ही जिंकलो.

पॅड न्यायला निनाद आमच्या घरी यायचा. दारातच गाडीवर बसून राहायचा. आई तांब्या पुढं करायची. "आत्ताच पिऊन आलो, काकू." दरवेळी आत्ताच पिऊन आलेला असायचा. मला वाटायचं, नसेल तहान.

तर नांदेडला तो चकचकीत पॅड घेऊन मी खेळायला बसलो. पहिली मॅच आम्ही हरलो. माझा हात घसरत होता, निनादचा माझ्याहून जास्त. आणखी एक हरलो की बाहेर. मधल्या सुट्टीत निनादनं मला जिन्याखाली नेलं.

"पाचही पॅड आहेत ना बॅगेत?"

"हायत."

"काढ. खालची बाजू दिसू देऊ नको. त्यावर सोल कंपनीचा छाप आहे. आणि तुझ्या वडिलांचं वगैरे कुणाशी बोलू नकोस, प्लीज. मघाशी जरा ताणात होतो रे, मनावर घेऊ नको."

मी काढून दिले.

हे लिहिताना अजून लाज वाटते. त्यानं पायाजवळ टाकल्याची लाज वाटत नाही. मी काढून दिल्याची वाटते. त्याच्या त्या एका 'रे'नं मी परत विरघळलो होतो.

दुसरी मॅच आम्ही जिंकलो. तिसरीही. आता फायनल राहिली होती. तिसरी संपताना निनादनं एकाच राऊंडमध्ये चौघांना टिपलं तेव्हा हॉलमध्ये शिट्ट्या वाजल्या. दुकानदार आमच्या टेबलाशी आला. त्यानं निनादचा पॅड हातात घेतला, दाबून बघितला, कडेवरून अंगठा फिरवला.

"आमच्या पॅडवर नाही खेळलात? हा कुठला? टाका काय सुरेख घातलाय. कुणी केला?"

मी निनादपासून हातभर अंतरावर उभा होतो. मनात म्हटलं, आता सांगेल. आता तरी सांगेल.

"डिझाईन माझं आहे, सर," निनाद म्हणाला. "लातूरला आमचा एक माणूस आहे. चपला शिवतो. त्याच्याकडून करून घेतो मी."

आमचा एक माणूस.

तो बोलताना माझ्याकडं बघतही नव्हता. लपवण्याची धडपडही नव्हती त्याच्या तोंडावर. सहज म्हणाला. आमचा दूधवाला, आमचा धोबी, तसं. मी तिथं उभा आहे, ऐकतोय, हे त्याला आठवलंच नाही. आठ महिन्यांत त्याच्या लेखी मी कधी तिथं उभाच नव्हतो. तहान का नसायची ते मला त्या क्षणी कळलं.

माझा आवाज स्वच्छ निघाला.

"तो माझा बाप हाय."

दुकानदारानं वळून बघितलं.

"चपला शिवतो तो माझा बाप हाय. कापड मी निवडलं. रबर बापाचं. टाका माझ्या आईचा. ह्यानं फक्त हात ठेवला."

निनाद हसला. "सर, मस्करी करतोय. टेन्शन आलंय त्याला." मग माझ्या कानाशी येऊन दात दाबून म्हणाला, "जागेवर बस. लायकी दाखवू नको इथं."

मी दुकानदाराच्या हातातून पॅड घेतला. मग एकेक करून टेबलावरचे बाकीचे चार. फैजानच्या माऊसखालचा ओढला तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं.

"भाई, एक मॅच राहिली. खेळून घे. मग त्याला हाण, मी पण येतो."

"न्हाई."

"माझी काय चूक आहे यात?"

त्याची चूक नव्हती. मघाशी हसला तो दुसराच होता. पण आणखी एक मॅच त्या टेबलावर बसलो असतो तर मी आयुष्यभर बसूनच राहिलो असतो. मी मनगट सोडवून घेतलं आणि हॉलच्या बाहेर पडलो.

नियमानं पाच जण लागायचे, चौघांना खेळता येत नव्हतं. फायनल समोरच्यांना दिली गेली. फैजाननं पुढं कितीतरी महिने माझा फोन उचलला नाही. त्याचा राग बरोबर होता. मी तो नाकारत नाही.

एसटीनं लातूरला आलो. बाप नेहमीच्या जागी बसून एका पोरीच्या सँडलला टाका घालत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं टाका पुरा केला, दोरा तोडला, पोरीला सँडल दिली. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं. पाणी पीत नव्हतं पोरगं."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तुजा दोस्त व्हता. काय सांगू?"

आरी खाली ठेवली आणि आपणहून बोलायला लागला. "भूकंप झाला तवा पत्र्याच्या शेडात सगळं गाव एकत्र व्हतं. पाटलाची म्हातारी तुज्या आज्जीच्या हातचं पाणी प्यायली. एका चुलीवर भाकरी झाल्या. मला वाटलं, जमीन हलली तसं हे बी हललं. मग पक्की घरं आली. त्या दिवसापासून म्हातारीनं आज्जीला वळख दिली न्हाई." बापानं रापी पुसली. "गरज सरंस्तवर समदे आपलेच असत्यात."

मला बापाचा राग आला. इतकं माहीत होतं आणि तीस वर्षं तो ते पोटात घालून त्या भिंतीशी बसला होता.

आठवड्यानं स्पर्धावाल्यांचा निरोप आला. खेळ अर्ध्यात सोडला, बेशिस्त वागलो, म्हणून एक वर्ष बंदी. एकट्या मला. आणि दुसऱ्याच दिवशी निनादचे वडील बापापुढं येऊन उभे राहिले. बाप कमरेतून वाकत उठला. गल्लीतली पोरं थांबून सरांना नमस्कार करत होती.

"तुझ्या मुलाला समजाव," सर बापाला म्हणाले. "वय आहे, चुकतं. दोन ओळींचं माफीपत्र लिहून दे म्हणावं. मी बोलतो तिथं, बंदी उठेल. उगाच दोन घरांत कडवटपणा नको."

बाप "व्हय सर, व्हय सर" करत होता. माझ्या बापाच्या दाढीत पांढरे केस आहेत. सर त्याच्याहून लहान असतील.

मी म्हणालो, "सर, माझ्या बापाला अहो म्हणा."

सरांचा चेहरा लाल झाला. बाप माझ्याकडं बघायला लागला. भ्यालेला. पण मला गप्प बस म्हणाला नाही. पहिल्यांदाच म्हणाला नाही.

"माफी कशाची लिहू?" मी विचारलं. "माझ्या बापाला बाप म्हणालो, त्याची?"

सर वळून क्लासात गेले.

त्या दुपारी मी कॅफेत बसून अर्ज लिहिला. माफीचा नाही. जे घडलं ते, जसं घडलं तसं, कोण काय बोललं ते सगळं. खाली माझं पूर्ण नाव, बापाचं नाव, आईचं नाव, आडनाव. गेममध्ये माझं टोपणनाव होतं, आडनाव कुणाला दिसत नव्हतं. त्या दिवशी ते मी ठळक अक्षरात टाकलं आणि अर्ज स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येकाला पाठवला. कुणाचंच उत्तर आलं नाही. बंदी उठली नाही. पुढच्या महिन्यात कॅफेच्या मालकानं मला "काही दिवस येऊ नको" सांगितलं. सरांचे विद्यार्थी हेच त्याचं गिऱ्हाईक होतं.

आता एका कोपऱ्यातल्या दुकानात जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तिथंच चार जणांना गेम शिकवतो. एक मुकादमाच्या टोळीत ऊस तोडणाऱ्याचा पोरगा, एक बँडवाल्याचा, दोघी बहिणी धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाईच्या. आमच्या टीममध्ये टोपणनाव चालत नाही. अर्जावर पूर्ण नाव लिहायचं. आई-बाप काय काम करतात ते कुणी विचारलं तर मान वर करून सांगायचं.

माझ्या माणसांना कुणी 'आमचा एक माणूस' म्हणून वापरलं तर मी फायनलमधून उठेन. जिंकत असलो तरी उठेन. फक्त इथून पुढं मी एकटा उठणार नाही. पाचही जण उठू.