वाफ्याचं पलीकडचं टोक

नरडाण्याच्या स्टेशनवर पॅसेंजरची वाट पाहताना मायने माझे हात मांडीवर ओढून घेतले आणि लिंबाच्या फोडीने बोटं घासत बसली. आदल्या दिवसापर्यंत मी तिच्याबरोबर दुसऱ्यांच्या शेतात कपाशीच्या निंदणीला जात होते. गवताचा काळपट हिरवा रंग बोटांत मुरला होता. "तठे पोरी हात देखतीन," ती म्हणाली. गाडी आली तेव्हा एक अंगठा राहिलाच होता.

गावातून सुरतेला, पुण्याला गेलेल्या तुम्हाला हसू येईल. मी गेले ती जळगावला, अमळनेरच्या थोडं पुढे. याला स्थलांतर म्हणावं का, मलाही ठाऊक नाही. पण आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि हॉस्टेलच्या पहिल्या रात्री जळगाव फार लांब वाटलं.

लेक्चरला मी मागे बसायचे. उत्तर येत असलं तरी हात वर व्हायचा नाही. कॉलेजच्या 'कमवा आणि शिका' योजनेत कामासाठी लायब्ररी किंवा बाग निवडायची होती. मी बाग म्हणाले. शेवंतीच्या वाफ्यात बसलं की पुढे काय करायचं हे मला कुणाला विचारावं लागत नव्हतं. गावात निंदताना माझं लक्ष सारखं सूर्याकडे असायचं. इथे मी लावलेल्या रोपाला कळी धरलेली मलाच आधी दिसायची. तासाभराने उठले की असाइनमेंटसुद्धा कमी अवघड वाटायची.

हे मी मायला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "लायब्ररीमा पुस्तकंस्नं काम नही का?"

त्याच आठवड्यात शनिवारी ती कॉलेजच्या फाटकाशी उभी. ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी. "खुरपं सुटो म्हनीसन धाडं तुले, नि आठे बी तेच? मी साहेबले सांगस." मला रडू यायला लागलं. तिने उन्हात वाकून मला शिकायला पाठवलं होतं, तिला मी काय सांगणार? आणि बाग सुटली तर या शहरात मला नीट येणारं दुसरं काहीच उरणार नव्हतं.

साहेब म्हणजे आमचे प्राचार्य; ते मीटिंगमध्ये होते. बागेतल्या माळीनानांनी मायला निंबाखाली बसवलं.

"अक्का, पोर कामाला चांगली आहे तुमची. गाणी म्हणत निंदते."

"गानी? हाई?" माय माझ्याकडे पाहतच राहिली. "गावमा त घडी घडी पानी पेवाले उठे."

"मग आमच्या जळगावचं पाणीच गोड असेल," नाना म्हणाले. माय हसली नाही.

मी वाफ्यात बसले. पाणी सोडायच्या आधी तो निंदून व्हायला हवा होता. मान वर करायचं धाडस होईना.

आमच्याकडे निंदणीला प्रत्येक बाईची एक पात असते, तिच्या वाट्याच्या ओळी. जिची पात आधी संपते ती बांधावर बसत नाही. मागे पडलेल्या बाईच्या पातीच्या पलीकडच्या टोकाला जाते आणि तिच्याकडे निंदत येते. मी अर्ध्यावर असताना समोर खुरप्याचा आवाज आला. मायने लुगडं खोचलं होतं. नानांचं खुरपं तिच्या हातात होतं. ती माझ्याकडे येत होती.

मध्यावर पोचल्यावर ती म्हणाली, "म्हन ना. तुन्हं गानं."

मला लाज वाटली, पण म्हटलं. गाण्याची पुढची ओळ तिने उचलली.

संध्याकाळी स्टेशनवर मी विचारलं, "साहेबांना भेटायचं राहिलं ना?"

"काय सांगू त्यासले? पोर खूश शे, तिन्हं काम काढी ल्या?"

घर म्हटलं की अजून नरडाण्याजवळच्या आमच्या दोन खोल्याच डोळ्यांपुढे येतात. पण आता वाटतं, आपण मागे पडलो की जिथे समोरून कुणीतरी निंदत येतं, ते घर. जळगावात माझ्याकडे असं कुणी येईल का, ते अजून सांगता येत नाही. काल बागेत साक्रीकडची एक नवी मुलगी आली. कुणाशी बोलत नव्हती आणि तिचा वाफा अर्धाच झाला होता. माझा संपला होता. मी खुरपं उचललं आणि तिच्या वाफ्याच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसले.